या आठवड्यात जिना आमच्याकडे

मुंबई आणि स्टुटगार्ट ही १९६८पासून एकमेकींची भगिनी-शहरं आहेत. सख्ख्या बहिणींचेही स्वभाव जुळत नाहीत हे मान्य, पण इतकं? एकीला रात्री दोन वाजताही झोप येत नाही आणि दुसरीला रात्री दहानंतर कुणी खुर्ची सरकवलेली खपत नाही. बायकोच्या नोकरीमुळे आम्ही या दुसऱ्या बहिणीकडे मुक्कामाला आलो. बायकोला मोटारींच्या ब्रेकमधलं काहीतरी फार खोलवर कळतं आणि ते कळणारी माणसं या शहराला कायम हवी असतात. मला त्यातलं काही कळत नाही. मी घरी बसून लोकांचे हिशेब तपासतो, म्हणजे बेल वाजली की दार उघडणारा माणूस मी. पुढचं सगळं त्यामुळे माझ्या वाट्याला आलं.

सुरुवातीचे हाल भराभर सांगून टाकतो, कारण जर्मनीत आलेला प्रत्येक जण तेच सांगतो. भाड्याच्या घरात स्वयंपाकघर नव्हतं. खोली होती, भिंतीतून पाण्याचे पाइप डोकावत होते, पण ओटा, सिंक, कपाटं सगळं आधीचे भाडेकरू उचलून घेऊन गेले होते. जाताना दिवेही नेले होते, त्यामुळे छतातून नुसत्या वायरी लोंबत होत्या. राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा, त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद हवा आणि तो कागद दाखवायला सरकारी कचेरीची आधी वेळ घ्यायला हवी. टीव्ही असो वा नसो, दर घरामागे महिन्याला १८.३६ युरो प्रसारणाची वर्गणी. आमच्याकडे टीव्ही नाही. आम्ही न बघण्याचे पैसे भरतो आणि पैसे भरलेत म्हणून न बघतानाही जरा मन लावून बघत नाही.

फ्लॅटला नंबर नसतो. टपाल येतं ते पेटीवरच्या आडनावावर, आणि पेटीवर नाव नसेल तर पत्र आल्या पावली परत जातं. आमचं 'जोशी' इथे 'योशी' वाचतात. तळमजल्यावरच्या आजी म्हणे बरेच दिवस एका जपानी कुटुंबाची वाट बघत होत्या. आम्हाला पाहून त्यांनी निराशा चेहऱ्यावर दिसू दिली नाही, हे त्यांचं मोठेपण.

हे सगळं पचलं. मग एका सोमवारी आमच्या दाराच्या मुठीला दोरीने एक पाटी लटकलेली दिसली. आमचा मुलगा पहिलीत आहे. शाळेत जायला लागल्यापासून त्याचं जर्मन आमच्या दोघांच्या बेरजेपेक्षा जास्त झालंय. त्याने पाटी वाचली आणि ताप आल्याची बातमी सांगावी तशा आवाजात म्हणाला, "बाबा, केरवोखं."

केरवोखं म्हणजे झाडलोटीचा आठवडा. ही श्वाबेन भागाची, म्हणजे आमच्याच मुलखाची खासियत. बर्लिनच्या माणसाला सांगितलं तर तो हसतो. पाटी ज्याच्या दाराला, त्याने त्या आठवड्यात जिना झाडायचा आणि पुसायचा, मग पाटी समोरच्या दाराला अडकवायची. ही झाली छोटी केरवोखं. मोठी वेगळी. तिच्यात मुख्य दार, तळघराचा जिना, तळघरातला बोळ, अंगण, बाहेरचा फुटपाथ आणि कचऱ्याचे डबे. थंडीत ज्याची पाळी, त्याने फुटपाथवरचं बर्फ कामाच्या दिवशी सकाळी सातच्या आत हटवायचं. कुणी घसरून पडलं तर ते मोडणारं हाड कायद्याच्या भाषेत काही अंशी आपलं असतं.

हे मला तळमजल्यावरच्या आजींनी समजावून सांगितलं. येताना घराच्या नियमावलीची प्रत घेऊन आल्या होत्या, जी भाडेकराराला जोडलेली होती आणि जिच्यावर माझी सही होती. बोलणं इतकं गोड, की मला पहिल्यांदाच खरी भीती वाटली. रागावणाऱ्या माणसाशी वाद घालता येतो. पण "हेर (म्हणजे श्रीयुत) योशी, कोपऱ्यात ओलं फडकं बोटाने फिरवलं की छान होतं" असं प्रेमाने सांगणाऱ्या बाईसमोर काय बोलणार?

तेव्हा म्हटलं, हे आलं कुठून ते तरी बघू. तर हे १४९२चं निघालं. दाढीवाला एबरहार्ड म्हणून इथे एक काउंट होऊन गेला. ट्युबिंगनचं विद्यापीठ त्याचंच. त्याच्या काळात स्टुटगार्टच्या शहर-कायद्यात असं आलं, की शहर स्वच्छ राहावं म्हणून प्रत्येकाने आपापली घाण आठवड्याला बाहेर नेऊन टाकावी. म्हणजे ज्या वर्षी कोलंबस भारत शोधायला निघाला, त्याच वर्षी इकडे ही व्यवस्था लागली. कोलंबसाला भारत सापडला नाही. स्टुटगार्टच्या जिन्याला मात्र, उशिरा का होईना, भारतीय सापडले.

गंमत म्हणजे पालिकेने आपला नियम १९८०च्या दशकाच्या शेवटी काढूनही टाकला. सुटका झालेल्या लोकांनी काय केलं असेल? तोच नियम आपापल्या भाडेकरारांत लिहून ठेवला. या लोकांना स्वातंत्र्य मिळालं की ते आधी त्याची घडी करून कपाटात ठेवतात.

आता तुम्ही म्हणाल, जिना झाडायला असा किती वेळ लागतो? झाडायला लागत नाही. झाडतोय हे कळवायला लागतो. माझ्या लक्षात आलं ते समोरच्या दारातल्या मास्तरांमुळे. शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे शिक्षक आहेत. ते शनिवारी सकाळी बादली खाली ठेवतात ती आपटून. झाडूची दांडी कठड्याच्या प्रत्येक गजाला लागत खाली जाते. अधूनमधून एक खाकरणं. तळमजल्यावर पोचेपर्यंत चारही मजल्यांना बातमी पोचलेली असते. मी पहिल्या खेपेला सवयीने आवाज न करता, शेजारच्यांची झोपमोड नको म्हणून, हळूच पुसून आलो होतो. संध्याकाळी आजींनी विचारलं, "हेर योशी, तब्येत बरी नाही का?"

शनिवारच का, तर रविवारी चालत नाही. रविवारची विश्रांती इथल्या घटनेत आहे. १९१९च्या, म्हणजे पहिल्या जर्मन प्रजासत्ताकाच्या, वायमार घटनेतलं कलम १९४९च्या घटनेने जसंच्या तसं उचललं, त्यात रविवार हा कामातून सुटीचा आणि आत्मिक उन्नतीचा दिवस म्हणून संरक्षित आहे. दुकानं बंद. भिंतीला ड्रिल लावायचं नाही, गवत कापायचं यंत्र चालवायचं नाही. घटनेत झाडूचा उल्लेख नसावा, पण आजींच्या प्रतीत तो असणार. त्यामुळे शनिवारी आठवड्याचा बाजार, रिकाम्या बाटल्या मशीनला घालून अनामत परत घेणं, पांढरी, तपकिरी आणि हिरवी काच वेगवेगळ्या टाक्यांत टाकणं आणि जिना, हे सगळं उरकून रविवारी माणूस आत्मिक उन्नतीसाठी आडवा होतो.

सगळ्यात लवकर रुळला तो मुलगा. रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी लाल दिव्याला तो मला हाताला धरून थांबवतो आणि "इथे मुलं बघतायत" म्हणतो. मुलं म्हणजे तो एकटा. हे शहर डोंगरांच्या खोलगट बेचक्यात वसलंय, त्यामुळे उतारावर ठिकठिकाणी सार्वजनिक जिने आहेत, चारशेहून जास्त. एकदा असाच एक लांबलचक जिना चढताना त्याने मध्येच थांबून विचारलं, "बाबा, याची पाटी कुणाकडे असते?" त्या रात्री मला झोप लागली नाही.

आणि मग सासूबाई आल्या.

शेंगेनच्या, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून असलेल्या, व्हिसावर कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. त्यांनी पहिल्याच शनिवारी मला जिन्यात फडकं पिळताना पाहिलं आणि त्या दारातच थबकल्या. लेकीला मोठा पगार असेल, परदेश असेल, पण जावयाच्या हातात फडकं? "अहो, ठेवा ते खाली. कुणी पाहिलं तर काय म्हणेल?" मी म्हटलं, "आई, इथे कुणी पाहिलं नाही तरच लोक बोलतात." ते त्यांच्या पचनी पडलं नाही. त्यांनी माझ्या हातातून फडकं घेतलं, दांडीच्या झाडूकडे एक तुच्छ नजर टाकली आणि उकिडव्या बसून एकेक पायरी अशी पुसत गेल्या, की आजी घरातून स्टूल आणून बघत बसल्या. पायरीच्या कडेला नख लावून काढलेला मळ त्यांनी आजींना बोटावर दाखवला. आजींनी चष्मा लावून तो पाहिला. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता आणि त्या अर्धा तास बोलत होत्या.

इथवर ठीक होतं. पण सासूबाईंना पाटी ही भानगड मान्य नव्हती. जिना मळला की पुसायचा, त्यात पाळी कसली? एका बुधवारी पहाटे साडेपाचला उठून त्यांनी वरपासून तळघरापर्यंत सगळा जिना लख्ख करून टाकला. तो आठवडा मास्तरांचा होता.

मास्तर काही बोलले नाहीत. शनिवारी त्यांनी तोच स्वच्छ जिना पुन्हा झाडला, पुन्हा पुसला, बादली नेहमीपेक्षा जोरात आपटली. मग आमची बेल वाजवून म्हणाले, "तुमचा एक आठवडा माझ्याकडे आला आहे. पुढचा मी करीन, म्हणजे फिटंफाट." मी हे घरात सांगितलं. सासूबाई उडाल्याच. "आपल्या पाळीला ते म्हातारे गृहस्थ वाकणार? आणि आपण आत चहा पिणार?" पुढच्या सोमवारीच, मास्तर उठायच्या आत, जिना झालेला होता. मास्तरांच्या हिशेबी आता दोन आठवड्यांचं कर्ज झालं. ते पाचला उठू लागले. सासूबाई साडेचारला. बायको म्हणाली, "तू मध्ये पड." मी म्हटलं, "कुठे पडू? सगळीकडे ओलं आहे."

शेवटी आजींनी रविवारी दुपारी सगळ्यांना कॉफी आणि केकला बोलावलं. इथे केक समोर आला की समजावं, तह आहे. मास्तरांनी वहीत आकडे मांडून आणले होते. मुलगा दुभाष्या. तो दोन्हीकडची वाक्यं सांगताना त्यातला राग आपल्या मर्जीने कमी-जास्त करत होता, असा मला संशय आहे. तासाभराने ठरलं, की सासूबाई असेपर्यंत जिना त्यांचा, तळघर आणि फुटपाथ मास्तरांचा, आणि जुनं कर्ज माफ. कागद झाला. सगळ्यांनी सह्या केल्या, सासूबाईंनी मराठीत, पूर्ण नावानिशी. तो कागद आजही खालच्या सूचना-फलकावर आहे. मी कुठेच नव्हतो. त्या घरात आल्यापासून इतका बरा करार माझ्या पाहण्यात आला नव्हता.

सासूबाई परत गेल्या. पाटी पुन्हा आमच्या मुठीला येऊ लागली. आजी मात्र मला जिन्यात गाठून विचारतात, त्या पुन्हा कधी येणार? ९० आणि १८०चा हिशेब त्यांनीच मांडून ठेवला आहे. त्यांच्या मते जानेवारी बरोबर बसतो. मोठी केरवोखं तेव्हा आमच्याकडे असते आणि बर्फही असतं. पाहुण्याच्या खर्चाची हमी देण्यासाठी मला परदेशी नागरिकांच्या कचेरीत जावं लागेल, तर सोबतीला येते म्हणाल्या.

मास्तरांनी गुपचूप बर्फाचं नवं फावडं आणलंय आणि तळघरात कुलपात ठेवलंय. ही बातमी मुलाने लगेच व्हिडिओ कॉलवर सासूबाईंना दिली. पलीकडे जरा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग सासूबाईंनी विचारलं, "का रे, तुमच्याकडे जानेवारीत उजाडतं कधी?"

"सव्वाआठला," तो म्हणाला.

"म्हणजे चारला कुणी उठत नसणार," त्या म्हणाल्या, आणि माझ्याशी न बोलताच फोन ठेवला.