हनुक्काची तेलाची कुपी कोणत्या ग्रंथात आहे?

‘हनुक्काच्या तेलाचा चमत्कार मक्काबींच्या ग्रंथात सांगितलाय’ असा मजकूर फिरतोय. तो चुकीचा आहे. हनुक्का हा ज्यूंचा आठ दिवसांचा दिव्यांचा सण; चमत्कार असा, की एका दिवसापुरतं तेल आठ दिवस पुरलं. मक्काबींचे ग्रंथ म्हणजे ज्यूंच्या बंडाची हकिगत सांगणारे दोन ग्रंथ.

इ.स.पू. १६७ मध्ये ग्रीक वंशाच्या राजा चौथ्या अँटिओकसने जेरुसलेमचं मंदिर विटाळलं. १६४ मध्ये बंडाचा नेता यहुदा मक्काबीने ज्यू पंचांगातल्या किस्लेव महिन्याच्या २५ तारखेला नव्या वेदीवर पुन्हा होम सुरू केला. उत्सव आठ दिवस चालला. मक्काबींच्या पहिल्या ग्रंथात दिवे लावल्याचाही उल्लेख आहे, पण तेल पुरल्याबद्दल अवाक्षर नाही. दुसऱ्यात हे आठ दिवस मांडवांच्या सणाशी, सुक्कोतशी जोडलेत, कारण त्याआधीचा सुक्कोत या लोकांनी डोंगरकपारींत भटकत काढला होता. मला हे फार हृद्य वाटतं. मुख्य पुरोहिताच्या मोहोरेची ती एकुलती कुपी भेटते कित्येक शतकांनंतरच्या तालमुदात, म्हणजे ज्यू धर्मपंडितांच्या चर्चांच्या संग्रहात. आणि मक्काबींचे ग्रंथ हिब्रू बायबलमध्ये मुळात नाहीतच.