भांडी एकत्र घासा म्हणणाऱ्या वाचकांस

नमस्कार. नवरा-बायकोने जोडीने सायकल, कयाक (वल्ह्याची अरुंद होडी), किल्ले करून बघावेत या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया वाचली. सही फक्त ‘एक कोकणी माणूस’. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: हे सगळे पैसेवाल्यांचे चोचले आहेत. तुमच्या आईवडिलांनी असलं काही न करता उत्तम संसार केला. एका सात मिनिटांच्या प्रयोगावर मी भलताच डोलारा उभा केलाय. ज्यांचं मुळात पटतं तीच जोडपी अशी हिंडतात. उद्या कुणी बुडालं तर जबाबदार कोण? आणि या सगळ्याच्या मधोमध हे वाक्य: “नवरा-बायकोचं जमायला कयाक लागत नाही बाई, घरची भांडी एकत्र घासली तरी पुरे.”

मतभेदाचं मला वावडं नाही. पण ‘बाई’ कशाला? हाच लेख माझ्या नवऱ्याने लिहिला असता तर तुम्ही ‘नाही बुवा’ म्हणाला असतात की ‘साहेब, छान लिहिलंय’? गेली कित्येक वर्षं इथे लिहितेय. असा स्वर कुणाच्या वाट्याला येतो ते आता सवयीने कळतं.

खर्चाचं मान्य. तारकर्लीला स्कूबाचे पैसे मोजणं प्रत्येकाला जमेल असं नाही, आणि लेखात ते ठळक यायला हवं होतं असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. पण त्याच लेखात दाभोळ-धोपावे फेरीबोटीत सायकली टाकून गुहागरला जाण्याबद्दलही होतं. त्याला काय लागतं? दोन जुन्या सायकली आणि सडा, म्हणजे वरचं खडकाळ पठार, चढून पुन्हा खाडीपर्यंत उतरण्याची तयारी.

आता भांडी. एकत्र घासली तरी पुरे म्हणता, तर आधी सांगा, तुमच्याकडे ती एकत्र घासली जातात का? बहुतेक घरांत एक जण घासतं आणि दुसरं ‘मदत’ करतं, तीसुद्धा पाहुणे असताना. मदत करणाऱ्याला मधेच उठून जाता येतं. फोन आला, क्रिकेट लागलं, झालं. डबल कयाकमध्ये उठून जायची सोय नसते. पुढच्याने लय धरायची, मागच्याने दिशा सांभाळायची, आणि दोघांचे हात एका वेळी पडले नाहीत तर वल्ह्यावर वल्हं आपटतं. परदेशात या होडीला गमतीने ‘घटस्फोटाची होडी’ म्हणतात ते उगाच नाही. म्हणजे ती बसल्या बसल्या प्रेम वाढवते असा माझा दावा नव्हताच. घरात वर्षानुवर्षं झाकून राहणाऱ्या गोष्टी तिथे तासाभरात उघड्या पडतात, एवढंच म्हणायचं होतं.

माझं माहेर सांगलीकडचं. लग्न होऊन रत्नागिरीला आले तेव्हा मला भरती-ओहोटीतलं ओ की ठो कळत नव्हतं. सासूबाईंनी ठोकळ हिशेब शिकवला, तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. मी तो पाठ केला. नवरा इथलाच, त्यामुळे त्याला हिशेब करायची कधी गरज वाटली नाही.

अशाच एका कोजागिरीला आम्ही तारकर्लीजवळच्या देवबागला होतो. ओळखीच्यांची कयाक घेऊन कर्लीच्या खाडीतून, ती समुद्राला मिळते त्या संगमापर्यंत जाऊन यायचं ठरलं. मी म्हटलं, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, आता बारा वाजलेत, त्यात पौर्णिमेचं उधाण, पाणी जोरात ओढणार. तो म्हणाला, “मला शिकवू नकोस.” जाताना काय, वल्हं नुसतं धरून बसलो तरी होडी पळत होती. परतताना मात्र काठावरचा एकच माड बराच वेळ आमच्या शेजारी होता. “तू मारतच नाहीस.” “तू वळवतोयस कुठे?” हे सगळं एवढ्या मोठ्याने, की काठावरची माणसं बघायला लागली. शेवटी पलीकडच्या काठाला, भोगव्याच्या बाजूला वाळूवर कयाक ओढली आणि पाच वाजून जाईपर्यंत पाणी फिरायची वाट बघत बसलो. पहिला तासभर तो बोलला नाही. मीही नाही. मग म्हणाला, “ते पाऊणपटीचं पुन्हा सांग.”

एवढीच गोष्ट. पण त्यानंतर पाण्यात उतरायच्या आधी तो मला वेळ विचारतो. पुढे एकाची कलमांची बाग कराराने घ्यायची होती तेव्हा सही करण्याआधी कागद माझ्यापुढे ठेवले, जे त्याआधी कधी झालं नव्हतं. भांडी मी त्याआधीही घासतच होते की हो! त्यातून हे झालं नाही.

तुमच्या आईवडिलांबद्दल मी काय बोलणार? पण माझ्या सासूसासऱ्यांना कयाक माहीत नव्हती म्हणून ते घरात बसून होते असं नाही. पहिल्या पावसात रात्री बत्ती घेऊन कुर्ल्या (खेकडे) धरायला दोघं जायचे, ओहोटीला मुळे (शिंपल्या) काढायला जायचे. कुणी कुठे पाय टाकायचा, बत्ती कुणी धरायची यावरून भांडायचे म्हणे. ते पोटासाठी होतं, आमचं हौसेसाठी, हा फरक आहेच. म्हणून एकदम चोचले?

प्रयोगाचं. मानसशास्त्रज्ञ आर्थर अ‍ॅरन आणि सहकाऱ्यांचा तो अभ्यास २००० सालचा. जोडप्यांचे हात-पाय एकमेकांना बांधून, मधे उशीसारखी वस्तू हात न लावता पकडून, गाद्यांवरून अडथळा ओलांडत रांगायचं. इतर जोडप्यांना कंटाळवाणं काम दिलं. नंतर विचारलं तेव्हा रांगलेल्या जोडप्यांना आपलं नातं जास्त चांगलं वाटलं. कुणाला काय मिळेल हे संशोधकांनी योगायोगावर सोडलं होतं. त्यामुळे ‘आधीच पटणारी जोडपीच जातात’ हा तुमचा मुद्दा तिथे तरी लागू होत नाही. सात मिनिटांचा परिणाम सात वर्षं टिकतो का, वगैरे प्रश्न तुम्ही संशोधकांना विचारा. मी मानसशास्त्राचा वर्ग घेत नाही.

राहता राहिलं बुडण्याचं. लाइफ जॅकेटशिवाय उतरायचं नाही, पावसाळ्यात समुद्राच्या वाटेला जायचं नाही, हरिहरेश्वरची प्रदक्षिणा पूर्ण ओहोटीलाच आणि तीही समुद्र शांत असेल तरच, हे सगळं मूळ लेखात पाचव्या परिच्छेदात आहे. तुमची प्रतिक्रिया आली ती लेख टाकल्यानंतर चार मिनिटांनी. तेव्हा तिथवर पोचलाच नसाल.