सायकल महागली खरी, पण कुणाची?

सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला तेव्हापासून आमच्या पुण्याच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सायकल तरीही महागच की काय यावर जो वाद सुरू झालाय तो काही मिटायचं नाव घेत नाहीये. दादाचं म्हणणं (दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, रविवारी पहाटे सायकलवर सिंहगड घाट चढणारा) की पाच तरी कशाला, शून्य करा, हेल्मेट-बूट-लाईट धरून हा शौक लाखाच्या घरात जातो. काकांचं म्हणणं की सायकल गरिबाची होती, ती तुम्ही लोकांनी श्रीमंतांची करून ठेवलीत. वहिनीने मध्येच विचारलं, लेकीला क्लासला जायला साधी गियरवाली घ्यायची तर दुकानदार पंधरा हजार म्हणतोय, घेऊ का, आणि घेतली तरी ती चालवणार कुठे? तिला कुणीच उत्तर दिलं नाही. मग नेहमीप्रमाणे गाडी माझ्यावर घसरली, "तुझं काय बाई, तुमच्याकडे सरकारच सायकल चालवायचे पैसे देतं."

मी उट्रेख्तला राहते, नेदरलँड्समध्ये. इथे सायकल स्वस्त नाहीये, अजिबात नाही. बिनमोटरची, तीन नाहीतर सात गियरची नवी बरी सायकल सहाशे-सातशे युरोच्या खाली मिळणं कठीण, एक युरो म्हणजे शंभराच्या वर रुपये, करा गुणाकार. इलेक्ट्रिक घ्यायला गेलात तर दोन-अडीच हजार युरो सहज जातात, आणि हल्ली नव्या विकल्या जाणाऱ्या सायकलींत निम्म्याच्या आसपास इलेक्ट्रिकच असतात. पुढे मोठी पेटी असलेली, जिच्यात दोन पोरं आणि आठवड्याचा किराणा बसतो, ती मोटरसकट पाच-सहा हजार युरोची. यात २१ टक्के व्हॅट (आपल्या जीएसटीसारखा कर) आलाच, वर चीनहून येणाऱ्या साध्या सायकलींवर युरोपियन युनियनचा ४८.५ टक्क्यांपर्यंत अँटी-डम्पिंग कर (बाहेरच्या अति स्वस्त मालाने इथल्या कंपन्या मरू नयेत म्हणूनचा जादा कर), तो १९९३ पासून या ना त्या दराने चालूच आहे. कोविडमध्ये सगळ्या जगाला एकदम सायकल आठवली, शिमानो या जपानी कंपनीचे गियर महिनोन्महिने मिळेनात, भाव चढले, मग दुकानदारांनी भरमसाठ माल भरून ठेवला आणि २०२३ ला तो खपेना म्हणून सेल लागले, त्याच वर्षी व्हॅनमूफसारखी नावाजलेली डच इलेक्ट्रिक सायकल कंपनी दिवाळखोरीत गेली (तिची दुखणी वेगळीही होती, पण असो). म्हंजे महागाईची रड इथेही आहे.

आता "सरकार पैसे देतं" हे काय प्रकरण आहे ते सांगते. कामावर येण्या-जाण्यासाठी कंपनी तुम्हाला किलोमीटरमागे २३ सेंटपर्यंत देऊ शकते आणि त्यावर कर लागत नाही, हा दर २०२४ पासूनचा. कारने या, सायकलने या, दर तोच. सरकार खिशातून काही काढत नाही, फक्त कर सोडतं. पण गंमत बघा, ऑफिस आठ किलोमीटरवर असेल तर येऊन-जाऊन सोळा, म्हणजे दिवसाचे साडेतीन युरोच्या वर, महिन्यात पंधरा दिवस गेलात तर पन्नासच्या पुढे. कारवाल्याचे ते पेट्रोल आणि पार्किंगमध्ये जिरतात, सायकलवाल्याचे खिशात राहतात आणि वर्ष-सव्वा वर्षात सायकल फिटते. शिवाय २०२० पासून कंपनीची सायकल वापरायला घेतली तर तिच्या किमतीच्या ७ टक्के रक्कम वर्षाला तुमच्या उत्पन्नात धरतात आणि तेवढ्यावरच कर. दुरुस्तीवर व्हॅट २१ नाही, ९. आणि उट्रेख्त स्टेशनखाली साडेबारा हजार सायकलींचं पार्किंग आहे, तिथे पहिले चोवीस तास फुकट.

मला वाटतं आपल्याकडच्या वादात नेमकं हेच कुणी बोलत नाही. सायकल महाग की स्वस्त हे तिच्या किमतीवरून कळतच नाही, ती घेतल्यावर दुसरा कुठला खर्च बंद झाला त्यावरून कळतं. इथे सायकल आली की कितीतरी घरांत दुसरी कार येत नाही, कितीतरी घरांत पहिलीही येत नाही. पुण्यात सायकल आली म्हणून स्कूटर विकली असं घर माझ्या ओळखीत तरी नाही. स्कूटर, तिचा हप्ता, तिचं पेट्रोल सगळं तसंच, आणि त्यावर सायकल. मग ती पंधरा हजारांची काय आणि पाच हजारांची काय, जास्तीचा खर्चच.

त्या जीएसटीचंच घ्या. ज्या दिवशी सायकल १२ वरून ५ वर आली त्याच दिवशी, २२ सप्टेंबरला, ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकी २८ वरून १८ वर आल्या. दुकानदाराने सगळा फायदा गिऱ्हाइकाला दिला असं धरलं तर बारा हजारांची सायकल साडेसातशेने उतरली, म्हणजे सव्वासहा टक्के. ऐंशी हजारांची स्कूटर सहा हजारांहून जास्त उतरली, म्हणजे पावणेआठ टक्के. म्हणजे सायकलीला सवलत दिली म्हणून टाळ्या वाजवल्या, आणि त्याच कागदावर स्कूटरला तिच्यापेक्षा जास्त दिली. दादाचं शून्य टक्के उद्या झालं तरी त्याच सायकलीचे अजून पाच-सहाशे कमी होतील. तेवढ्यासाठी कोण स्कूटर सोडणारे? त्याच्या इम्पोर्टेड सायकलीचं रडगाणं वेगळं, तिच्यावरची कस्टम ड्युटी २०२३ च्या बजेटमध्ये ३० वरून ३५ टक्के केली, पण तो प्रश्न वहिनीचा नाही.

किंमत खरी बोचते ती वेगळ्याच लोकांना, आणि ते ग्रुपवर नसतात. सोसायटीचा वॉचमन, बांधकामावरचा मजूर, पहाटे पेपर टाकणारा मुलगा. महिन्याला बारा-पंधरा हजार कमावणाऱ्याला सहा-सात हजारांची लोखंडी काळी सायकल म्हणजे अर्धा पगार. इथे कमीत कमी मजुरी तासाला चौदा युरोच्या वर आहे, म्हणजे सातशेची नवी सायकल पन्नासेक तासांत निघते, सव्वा आठवड्याचं काम. मानव विकास कार्यक्रमात आपल्याकडे मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात, ते आधी साडेतीन हजार होते, मग पाच हजार केले. ती मुलगी त्या सायकलीवरून खरंच शाळेत जाते, शौक म्हणून घाटात नाही. सायकल महागली तर ती पाच हजारांची रक्कम पुरते की नाही हे कुणी दरवर्षी तपासतं का? वाद घालायचा तर यावर घाला ना.

काकांना एक सांगायचंय. इथेही फाटक्या खिशाचे लोक आहेत, फक्त ते नवी सायकल घेतच नाहीत. विद्यार्थी शंभर-दीडशे युरोत जुनी घेतात, गंजलेली, एक मडगार्ड गायब, हाताला ब्रेक नाही, पायडल उलटं मारलं की थांबते. कुलूप मात्र साठ युरोचं, कारण चोऱ्या प्रचंड. माझी गेली तेव्हा ऑफिसमधल्या बाईने सांत्वन वगैरे न करता फक्त विचारलं, "कितवी?"

आणि पंक्चर! मागच्या चाकाची ट्यूब बदलायला दुकानात पंचवीस-तीस युरो सहज घेतात, कारण मागे चेनवर पूर्ण डबा, गियर चाकाच्या मधल्या हबमध्ये, ब्रेकचा दांडा फ्रेमला नटाने आवळलेला, सगळं सोडवत बसा. त्यामुळे प्रत्येक घरात पंक्चरचं किट असतं. मी चाक न काढताच टायरची एक कड सोडवते, ट्यूब बाहेर ओढते, बादलीत बुडवून बुडबुडे कुठून येतात बघते, काचकागदाने घासते, सोल्युशन लावून ते सुकायची वाट बघते आणि ठिगळ दाबते. हे सगळं मी कोथरूडला पंक्चरवाल्या काकांच्या घमेल्यासमोर उकिडवं बसून बघितलेलं, इथे येऊन काही वेगळं शिकायला लागलं नाही. ते काका आता फक्त स्कूटरचे ट्यूबलेस करतात.

सायकलीच्या शौकाच्या सामानाबद्दल बोलले की दादा चिडतो, पण बोलतेच. इथे ऑफिसला जाणाऱ्या माणसाकडे सायकलीचं म्हणून खास काय असतं? रेनकोट, पावसाची पँट, कॅरियरला अडकवायच्या पिशव्या, दोन लाईट. बस. मोठी माणसं हेल्मेटसुद्धा फारशी घालत नाहीत. (पुण्यात घालाच, बाबांनो, तिकडे आणि इकडे रस्त्याचा फरक आहे.) पॅडेड शॉर्ट आणि क्लिपवाले बूट इथेही दिसतात, पण रविवारी, घोळक्याने, आणि आठवडाभर तेच लोक जीन्स घालून खडखडत्या सायकलीवर स्टेशनला जातात. आपल्याकडे रविवारवाला माणूस सोमवारी स्कूटरवर. जानेवारी २०२६ ला पुणे ग्रँड टूर ही आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली, जगभरचे रेसर आले, मला मनापासून आनंद झाला, त्यासाठी रस्तेही गुळगुळीत केले. म्हंजे मनात आणलं तर होतं! मग २०१७ ला महापालिकेने मंजूर केलेला सायकल आराखडा कुठल्या कपाटात आहे? सातारा रोडच्या सायकल ट्रॅकवर मी गेल्या वेळी बघितलं, पेव्हर ब्लॉक उखडलेले, मध्येच विजेचा डीपी, पुढे लागलेल्या स्कूटर, त्यापुढे भेळेची गाडी. तिथून पाच लाखांची कार्बन सायकलही जात नाही आणि पाच हजारांचीही नाही.

"डच लोकांच्या रक्तातच आहे" असं कुणी म्हणालं की मला राग येतो. १९७१ ला या एवढ्याशा देशात तीन हजारांवर माणसं रस्त्यावर मेली, त्यात चारशेवर लहान मुलं होती. आईबाप रस्त्यावर उतरले, "पोरांची हत्या थांबवा" असंच त्या आंदोलनाचं नाव होतं. १९७३ ला तेलाचा भडका उडाला, रविवारी गाड्या बंद केल्या. आणि त्याच सुमाराला याच उट्रेख्तमध्ये जुना कालवा बुजवून त्यावर मोटारींचा मोठा रस्ता केला होता! तो उखडून परत पाणी सोडायला २०२० उजाडलं. मी त्याच काठाने कामाला जाते. यांनीही आपल्यासारखेच उद्योग केले होते, निस्तरायला पन्नास वर्षं घेतली, आणि अजून फॅटबाईकवरून (जाड टायरची इलेक्ट्रिक सायकल) सुसाट जाणारी पोरं आणि चुकीच्या जागी लावलेल्या सायकली यांवरून भांडणं चालूच आहेत.

तर वहिनी, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. घे, पण नवी नको. तुमच्याच पार्किंगच्या कोपऱ्यात धुळीने माखलेल्या, चाकं बसलेल्या डझनभर सायकली असतील, मुलं मोठी झाली, बेंगळुरूला गेली, सायकली तिथेच. सेक्रेटरींना ग्रुपवर विचारायला लाव. दोन टायर, ट्यूब, ब्रेकचे रबर, चेनला तेल, दोन-अडीच हजारांत चालती होईल. क्लास दोन किलोमीटरवर आहे ना, कर्वे रोड टाळून आतल्या गल्ल्यांनी रस्ता आधी तू तिच्याबरोबर चालून बघ, आणि जिथे क्रॉस करायला भीती वाटते ती जागा वॉर्ड ऑफिसला लेखी कळव, फोटोसकट, उत्तर येईपर्यंत दर महिन्याला. दादालाही त्यावर सही करायला सांग, त्याच्या रविवारच्या ग्रुपमध्ये पन्नास माणसं आहेत, त्यांच्याही घे.

डिसेंबरमध्ये येतेय, लाईट हवे असतील तर आत्ताच सांगा, बॅगेत मावतात. सायकल मात्र कुणीही मागू नका.