रिॲक्शन आणू इच्छिणाऱ्या रुग्णांस काही सूचना

औषधाची ॲलर्जी असलेल्या रुग्णाने रुग्णालयात शिरताना पहिली गोष्ट ध्यानात ठेवावी ती ही, की आपली ॲलर्जी सर्वांनी विचारायची असते आणि कोणीही वाचायची नसते. केस पेपर काढणारा विचारेल, इंटर्न विचारेल, सिस्टर विचारतील, शस्त्रक्रिया असल्यास भूलतज्ज्ञही विचारतील. प्रत्येक वेळी आपण न कंटाळता ‘पेनिसिलीन’ असे उत्तर द्यावे. पहिल्या पानावर ते लाल शाईने लिहिले जाईल आणि सायंकाळपर्यंत त्यावर रक्ताचे रिपोर्ट, एक्स-रे आणि मेडिक्लेमचे कागद चढतील. संगणकावरील रकान्यात ‘ज्ञात ॲलर्जी नाही’ हे शब्द आधीच भरून ठेवलेले असतात. ते खोडण्याचा आग्रह धरून कोणाचे काम वाढवू नये.

त्यानंतर टेस्ट डोस होईल. हाताच्या आतल्या बाजूस औषधाचा थेंब टोचून फुगवटा आणतात आणि त्याभोवती बॉलपेनने गोल काढतात. वीस मिनिटांनी पाहायचे असे ठरते, प्रत्यक्षात पाच मिनिटांनी किंवा जेवणाची सुट्टी संपल्यावर कोणीतरी पाहते आणि ‘काही नाही’ असे म्हणते. सेफ्ट्रिॲक्सोनसारख्या प्रतिजैविकाची सरसकट केलेली अशी चाचणी निगेटिव्ह आली, तरी पुढच्या पूर्ण मात्रेने रिॲक्शन येणारच नाही याची हमी नसते, आणि कधीकधी तो एवढासा थेंबच निमित्त ठरतो. पण बॉलपेनचा तो गोल ताईतासारखा मानण्याची रीत आहे. ताईत बांधल्यावर ॲड्रेनलिन, म्हणजे रिॲक्शनवरचे पहिले औषध, हाताशी ठेवणे हा अविश्वास ठरेल.

रिॲक्शन शक्यतो ड्यूटी बदलण्याच्या वेळी आणू नये. आणलीच तर अंगावर गांधी उठतील याची खबरदारी घ्यावी. काही रुग्णांत गांधी न उठताच रक्तदाब कोसळतो, घसा आवळतो, उलटी होते. अशा रुग्णाला ‘घाबरलात का, दीर्घ श्वास घ्या’ हा उपचार प्रथम मिळतो. गांधी दिसल्यास मात्र तत्परता पाहण्यासारखी असते. सिस्टर धावत येतात, सलाईन जोडतात, ॲव्हिल हे ॲलर्जीचे इंजेक्शन देतात, त्यामागून हायड्रोकॉर्टिझोन हे स्टेरॉइड देतात. ॲव्हिलने खाज कमी होते, आवळलेला घसा आणि खाली गेलेला रक्तदाब यांचे ते काही करत नाही. हायड्रोकॉर्टिझोनचा परिणाम दिसायला काही तास लागतात, म्हणजे ते वरातीमागून येणारे घोडे. या प्रसंगी पहिले औषध ॲड्रेनलिन: प्रौढाला अर्धा मिलिग्रॅम, म्हणजे एक मिलिलिटरची अर्धी ॲम्प्युल, मांडीच्या बाहेरील स्नायूत, आणि गरज पडल्यास पाचेक मिनिटांनी पुन्हा. हे औषध अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे आणि ते इमर्जन्सी ट्रॉलीतही असते. ट्रॉलीला कुलूप असते, किल्ली जिच्याकडे असते ती सिस्टर घरी निघालेली असते, आणि आरएमओ, म्हणजे निवासी डॉक्टर, ‘हार्टवर ताण येईल’ म्हणून मोठ्या डॉक्टरांचा फोन लागण्याची वाट पाहत असतात. ॲड्रेनलिनविना थांबलेल्या हृदयावर ताण येत नाही, हा युक्तिवाद त्या क्षणी करण्याइतका आवाज आपल्या घशात उरलेला नसतो, हे एका परीने बरेच. (काही रुग्णालयांत ट्रॉली उघडी असते आणि मात्रेचा तक्ता भिंतीवर लावलेला असतो. तेथे दाखल होऊन या लेखाचा पचका करू नये.)

आता आपल्याला आयसीयूत हलवायचे ठरेल आणि व्हीलचेअर येईल. रक्तदाब पडलेल्या माणसाला एकदम उभे केले किंवा बसते केले, तर हृदयाकडे परतणारे रक्त कमी होऊन हृदय तिथल्या तिथे थांबू शकते. म्हणून त्याला आडवे ठेवून पाय उंच करायचे असतात, फारच धाप लागली असेल तरच टेकून बसवायचे. तथापि ‘उठा, उठा, चालता येतंय ना?’ असे मावशी प्रेमाने विचारत असताना नाही म्हणणे संस्कारात बसत नाही.

वाचलात, तर खरी परीक्षा कागदांची. भारतात औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम 2010 पासून चालू आहे, त्याचे केंद्र गाझियाबादला आहे, आणि 1800-180-3024 या विनामूल्य क्रमांकावर रुग्ण स्वतःही तक्रार कळवू शकतो. आपण तसे काही करू नये. ज्या रुग्णालयाने डिस्चार्ज कार्डावर ‘इंजेक्शननंतर किंचित अस्वस्थता, उपचारांनी आराम’ एवढ्यावर सारे निभावले, त्याच्या लेखनसंयमाचा तो अपमान होईल. कोणते इंजेक्शन, किती मात्रा, किती मिनिटांत काय झाले, हे लेखी मागणारा नातेवाईक ‘केस करणारा’ म्हणून ओळखला जातो.

गंमत अशी, की पेनिसिलीनची ॲलर्जी असल्याचे सांगणाऱ्यांपैकी 90 टक्क्यांहून अधिक लोकांना रीतसर तपासणीत ती नसल्याचे आढळते. लहानपणी उठलेल्या एका पुरळाचे लेबल ते जन्मभर बाळगतात. आपली मात्र खरी निघालेली असते आणि कार्डावर तिचे नाव नसते. त्या कार्डाखालीच पाच दिवसांच्या गोळ्या लिहिलेल्या असतील. ब्रँडचे नाव वेगळे असल्यामुळे त्या निर्धास्तपणे घ्याव्यात. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत ‘ॲमॉक्सिसिलिन’ असे पेनिसिलीनच्याच कुळातले नाव छापलेले असते, ते वाचायला चष्मा लागतो, आणि चष्मा बहुधा आयसीयूतच राहिलेला असतो.