ट्रे वेगळे, टेबल एकच

२०२३ मध्ये आयआयटी मुंबईच्या वसतिगृहातल्या मेसमध्ये काही टेबलं फक्त शाकाहारी जेवणासाठी राखून ठेवली. निषेध म्हणून तिथे बसून सामिष खाणाऱ्या विद्यार्थ्याला १०,००० रुपये दंड झाला. आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हा वाद अजून अधूनमधून पेटतो. मामांचं म्हणणं ठरलेलं: "वास सहन होत नाही, मग वेगळं बसलं तर बिघडलं काय?" त्याला जोडून मला एक टोमणा: "तू तर पोराला उठसूट बाहेरच खायला घालतोस."

घालतो खरा. सिंगापुरात शंभराहून जास्त हॉकर सेंटरं, म्हणजे एका छपराखाली खाण्याचे अनेक छोटे गाळे आणि मधे सगळ्यांची सामायिक टेबलं, आहेत आणि रविवारी आम्ही त्यातल्या एखाद्यात असतोच. टिश्यूचं पाकीट टेबलावर ठेवलं की जागा आपली. पण टेबल कधीच पूर्ण आपलं नसतं. समोर कुणी डुकराच्या मांसाचे नूडल्स घेऊन बसतं, शेजारी कुणाची बिर्याणी.

एकदा मुलाने भाताच्या वाडग्यात चॉपस्टिक्स उभ्या खोचल्या. शेजारच्या चिनी आजोबांनी काही न बोलता त्या उपसून आडव्या ठेवल्या. मृतांसाठी भातात उदबत्त्या लावतात, तसं दिसतं म्हणे ते. मुलगा जरा विचार करून म्हणाला, "आजी पानात तीन पोळ्या वाढत नाही, तसं?" मी दहा वेळा समजावून सांगितलं असतं तरी त्याला हे इतकं नेमकं सुचलं नसतं.

मामांचा मुद्दा मी उडवून लावत नाही. इथेही उष्टे ट्रे ठेवायला हलालचे रॅक वेगळे आणि बाकीचे वेगळे असतात. त्यावरून कुणी भांडत नाही, कारण ट्रे वेगळे असले तरी बसायचं टेबल सगळ्यांचं असतं. माझी पक्की शाकाहारी आई इथे आली, तेव्हा पहिल्या दिवशी नाकाला पदर लावून बसली होती. चौथ्या खेपेला समोरच्या बाईंसाठी पिशवी उचलून तिने जागा करून दिली. खाल्लं मात्र स्वतःचंच, डोसा.

मुलगाही काही फार धाडसी झालेला नाही. दर रविवारी तेच नूडल्स मागवतो आणि फिशबॉल माझ्या ताटात ढकलतो. ट्रे कुठल्या रॅकवर ठेवायचा, हे मात्र त्याला माझ्याआधी कळतं.