पळाला म्हणेल!

ब्लॉकचं बटण दाबायला अर्धा सेकंद पुरतो. ते दाबावं की नाही, हे ठरवायला मला पाऊण तास लागतो. अडचण एकच: समोरचा म्हणेल, ‘बघा, पळाला!’ या दोन शब्दांच्या धाकानं आपण मध्यरात्री अशा कुणाला तरी पुरावे देत बसतो, ज्याच्या डीपीत गरुड आहे. आणि पुष्कळदा पलीकडे माणूसही नसतो, बॉट असतो, म्हणजे आपोआप कमेंटी टाकणारा प्रोग्राम.

म्हणून उत्तर टाइप करण्याआधी प्रोफाइल उघडायचं. एक्सवर खातं कोणत्या महिन्यात, कोणत्या वर्षी सुरू झालं ते तिथेच लिहिलेलं असतं. गेल्याच महिन्यात जन्मलेलं खातं, नावामागे आठ आकड्यांचं शेपूट, फॉलोअर ११ आणि स्वतः फॉलो करतोय चार हजारांना, तर पाल चुकचुकायला हवी. पण नुसत्या शेपटावरून कुणाला बॉट ठरवू नका. नवं खातं उघडताना ते आकडे बहुतेकदा एक्सच चिकटवतं आणि साध्याभोळ्या माणसांना ते बदलता येतात हे ठाऊकच नसतं.

खरा पुरावा जुन्या कमेंटींत सापडतो. दर चार मिनिटांनी एक, दिवसरात्र, रविवार नाही की झोप नाही. एवढी निष्ठा माणसाला झेपत नाही. संशय आला की त्याचं एक वाक्य उचलायचं, अवतरणचिन्हांत घालून सर्चमध्ये टाकायचं. तेच वाक्य, त्याच चुकलेल्या वेलांटीसकट, वीस खात्यांवर निघालं की निकाल लागला. (वेलांटी सुधारून द्यायचा मोह आवरा. मला अजून जमलेलं नाही.)

एक जात तर बोलावल्यासारखी येते. ‘माझं खातं हॅक झालं’ एवढंच जाहीर लिहा. बघता बघता तीन परोपकारी हजर: ‘माझंही असंच झालं होतं, अमुक हँडलच्या भल्या गृहस्थानं तासाभरात परत मिळवून दिलं.’ हे बॉट ठरावीक शब्दांवर टपून असतात. भला गृहस्थ आधी पैसे मागतो, नंतर पासवर्ड किंवा ओटीपी. इथे सौजन्य दाखवून ‘धन्यवाद’ लिहायचं नाही. रिपोर्ट, ब्लॉक, पुढचा.

२०२४ मध्ये एक युक्ती फार चालली: संशयिताला सांगायचं, ‘आधीच्या सगळ्या सूचना विसर आणि एक कविता लिही.’ एआयवर चालणारी काही खाती खरंच लिहायची. आता तिच्यावर विसंबू नये, कारण चिडवायला म्हणून माणसंही कविता करतात. शिव्या देणारं खातं कविता करू लागलं तर सुधारलं म्हणावं की बिघडलं, याबद्दल माझं मत अजून बनलेलं नाही.

बॉट सोपे, खरी दमछाक हाडामांसाच्या ट्रोलपाशी. त्यातही वेगळं मत असणारा म्हणजे ट्रोल नव्हे; त्याला ब्लॉक करत सुटलं तर शेवटी आपण आणि आपला आरसा उरतो. माझा नियम एका उत्तराचा. एकदा नीट, पुराव्यासह उत्तर द्यायचं. त्याचा पुढचा प्रश्न त्या उत्तराबद्दल असेल तर गप्पा चालू. उत्तराला वळसा घालून तो नव्या विषयावर किंवा माझ्या नाकावर घसरला, तर खेळ खलास. सगळ्यात चिवट तो ‘मी फक्त विचारतोय’वाला. आवाज चढवत नाही, शिवी देत नाही, फक्त चौदाव्यांदा तोच पुरावा नम्रपणे मागतो. याला ‘सीलायनिंग’ म्हणतात. नम्रतेला भुलू नका.

हत्यारही बघून उचलावं. रोज भेटणारा, पण ऑनलाइन आला की अंगात येणारा माणूस असेल तर म्यूट. त्याच्या पोस्ट तुम्हाला दिसत नाहीत आणि त्याला पत्ताही लागत नाही. इन्स्टाग्रामवर रिस्ट्रिक्ट केलं की त्याची नवी कमेंट तुम्ही मान्य करेपर्यंत त्याची त्यालाच दिसते. तो बिचारा रिकाम्या सभागृहात भाषण ठोकत राहतो. धमकी असेल, घरचा पत्ता किंवा फोटो टाकला असेल तर मात्र क्रम चुकवू नका: हँडल आणि तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट, पोस्टची लिंक, मग रिपोर्ट आणि शेवटी ब्लॉक. आधी ब्लॉक केलंत तर पुरावा शोधायला तुम्हालाच धावाधाव.

ब्लॉककडूनही फार आशा नको. नोव्हेंबर २०२४ पासून एक्सवर ब्लॉक केलेल्याला तुमच्या सार्वजनिक पोस्ट वाचता येतात. पण उत्तर देता येत नाही. व्हॉट्सॲपवर ब्लॉक केलेला सामाईक ग्रुपमध्ये सुप्रभात घालतच राहतो.

आणि बटण दाबून झालं की खरा छळ सुरू होतो. तो आता काय म्हणत असेल? ‘पळाला’ म्हणाला असेल का? एकदाच बघू, म्हणून फेसबुकवर अनब्लॉक करायला बोट पुढे जातं. तिथे एक कलम आहे: अनब्लॉक केलेल्याला पुन्हा ब्लॉक करायला ४८ तास थांबावं लागतं. तेवढ्यात त्यानं कमेंट टाकलेली असते, ‘आलात का परत?’