चकमकीतली आग दगडात नसते

पुण्यातल्या ट्रेकच्या ग्रुपांवर एक मजकूर सध्या जोरात फिरतोय, आणि आता तो सोसायट्यांच्या, शाळांच्या ग्रुपांवरही पोचलाय. मजकूर साधारण असा: ‘आपल्या पूर्वजांना काडेपेटी लागत नव्हती. सह्याद्रीतली कुठलीही गारगोटी उचला, दुसऱ्या गारगोटीवर नाहीतर कुठल्याही लोखंडावर आपटा, दगडातली आग बाहेर येते. इनामगावला सापडलेली दगडी पाती म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वीच्या चकमकीच. शिवरायांच्या मावळ्यांच्या बंदुका याच दगडावर चालत. दुकानात ट्रेकर लोकांना विकतात ती काळी कांडी म्हणजे तीच चकमक. ठिणगी सुक्या गवतावर पाडा, भर पावसातही जाळ होतो. पुढच्या ट्रेकला लायटर घरी ठेवा.’

यातलं पहिलं वाक्य तेवढं खरं आहे. घासून पेटणारी काडी इंग्लंडात विकायला आली तीच १८२७ साली, त्यामुळे त्याआधी जगात कुणालाच काडेपेटी लागत नव्हती. आपल्याकडे चकमक होती, म्हणजे ठिणगी पाडायची गारगोटी आणि पोलादाचा तुकडा अशी जोडी, ती माणसं अंगावर बाळगत आणि तिच्यावर चिलीमही पेटत असे. ही विद्या मला फार मोलाची वाटते. म्हणूनच ती अशी अर्धवट सांगितली गेली की राहवत नाही. या मजकुराप्रमाणे कुणी करून पाहिलं तर आग पेटणार नाही, आणि तो माणूस म्हणेल की जुन्या सगळ्या गोष्टी थापाच असतात. गोष्ट खरी आहे, फक्त ती उलटी सांगितली जातेय.

सगळा घोटाळा ‘दगडातली आग’ या दोन शब्दांत आहे. चकमकीची ठिणगी दगडाची नसते, पोलादाची असते. दगडाचं काम एवढंच, की आपल्या धारेने पोलादाचा अगदी बारीक कीस खरवडून काढायचा. खरवडताना तो कीस तापतो, आणि इतका बारीक असल्यामुळे हवेतच पेट घेतो. आपल्याला लाल-पिवळा ठिपका उडताना दिसतो तो म्हणजे जळणारं लोखंड. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं आणि १६६५ साली छापलं, म्हणजे इकडे पुरंदरचा तह झाला त्याच वर्षी. पांढऱ्या कागदावर पडलेल्या ठिणग्यांचे काळे कण त्याने भिंगाखाली धरले, तर त्यात धातू वितळून झालेल्या गुळगुळीत, चकचकीत गोळ्या होत्या.

हे घरी पाहता येतं. स्वयंपाकघराच्या ओट्यावर पांढरा कागद पसरा, त्याच्यावर चकमक झाडा. कागदावर मिऱ्याच्या पुडीहून बारीक काळे कण पडलेले दिसतील. कागदाच्या खालून लोहचुंबक फिरवला की त्यातले बरेच कण चुंबकामागे सरकतात. गारगोटीचा चुरा जागचा हलत नाही. कुणाशी वाद घालण्यापेक्षा हा कागद समोर ठेवावा.

एवढं लक्षात घेतलं की दोन गारगोट्या एकमेकींवर आपटून आग का होत नाही हे वेगळं सांगावं लागत नाही. अंधाऱ्या खोलीत त्या घासल्या तर आत फिकट उजेड चमकतो आणि एक विशिष्ट जळका वास येतो. लोक यालाच फसतात. तो उजेड दगडाच्या आतल्या आतच चमकतो, त्याने कापूस तापतही नाही. लोखंडाच्या आधीच्या काळात दगडावर आग काढत ती पायराइटवर, म्हणजे लोह आणि गंधक असलेल्या खनिजावर. आल्प्स पर्वतात १९९१ साली बर्फात सापडलेल्या पाच हजारांहून जास्त वर्षांपूर्वीच्या माणसाजवळ पेट धरणारी अळंबी होती आणि तिच्यात पायराइटचे कण अडकलेले होते. तिथेही लोह आहेच. आणि आपल्या यज्ञातला अग्नी तर दगडावर काढतच नाहीत, तो अरणीच्या लाकडांच्या मंथनातून निघतो. ‘पूर्वज’ म्हणून सगळ्यांना एकाच दगडावर बसवलं की या वेगवेगळ्या, कष्टाने कमावलेल्या पद्धती पुसल्या जातात.

‘सह्याद्रीतली कुठलीही गारगोटी’ हेही असंच. युरोपात ज्याच्या चकमकी करत तो दगड खडूसारख्या पांढऱ्या चुनखडीत तयार होतो. आपलं दख्खन लाव्हाचं आहे, इथे तो मिळत नाही. पण त्याच्याच जातीचे दगड इथे भरपूर आहेत. लाव्हा थंड होताना त्यात वायूच्या पोकळ्या राहिल्या, पुढे त्या पोकळ्यांमध्ये झिरपत्या पाण्यातून गार, कॅल्सेडोनी, अकीक, जास्पर साठत गेले. भीमा, घोड, मुळा-मुठा यांच्या वाळूगोट्यात ते सापडतात. यातला कुठलाही चालतो, कारण कठीणपणाच्या मोहस् मोजपट्टीवर ते सगळे ७ च्या आसपास आहेत आणि कडक केलेलं पोलाद त्यांच्या खाली आहे.

पुण्यात मात्र एक हमखास फसवणूक होते. वाघोलीच्या खाणींकडे किंवा वेताळ टेकडीवर जुन्या खाणीच्या कडेला पांढरे-गुलाबी चमकदार स्फटिक दिसतात, आणि लोक ते गारगोटी समजून खिशात टाकतात. ते बहुतेक झिओलाइट असतात. पुणे परिसरातली झिओलाइटं जगभरच्या संग्रहालयांत मानाने मांडलेली आहेत, पण त्यांचा कठीणपणा साधारण साडेतीन ते पाच. पोलादावर मारलं की त्यांचाच भुगा होतो. ओळखायचं कसं? फुटक्या बाटलीची काच घ्या आणि दगडाच्या टोकाने ओरखडा काढा. गारगोटी काचेवर चरा पाडते, झिओलाइट पाडत नाही. टेकडीचा काळा कातळ, म्हणजे बसाल्ट, हाही सोडून द्या, त्याची धार लगेच चुरते.

आणि नदीतला गुळगुळीत गोटा तसाच वापरला तर काही होणार नाही. तो फोडून ताजी, पातळ, काचेसारखी धार काढावी लागते. डोळ्यांवर चष्मा हवाच, कपच्या फार वाईट उडतात. धार बोथट झाली की कडेवर टोला मारून नवी काढायची. दगड किल्ल्यावरून किंवा उत्खननाच्या पांढरीवरून, म्हणजे जुन्या वस्तीच्या जागेवरून, उचलू नका, नदीपात्रात हवे तेवढे पडलेले आहेत.

आता ‘कुठलंही लोखंड’. माझ्या मते या मजकुरातलं सगळ्यात नुकसान करणारं विधान हेच, कारण चकमकीतला खरा कसब लोहाराचा आहे आणि मजकुरात लोहाराचं नावसुद्धा नाही.

खिळा, सळई, खिडकीचा गज, गेटची साखळी हे सगळं मऊ लोखंड. त्यात कार्बन पाव टक्क्याच्या आतबाहेर. दगडाची धार लागली की ते दबतं, चेपतं, पण त्याचा कीस तुटून उडत नाही. चकमकीला लागतं एक टक्क्याच्या जवळपास कार्बन असलेलं आणि पाणी दिलेलं, म्हणजे लाल तापवून एकदम विझवून कडक केलेलं पोलाद. दोन्ही अटी एकदम हव्यात. चांगलं पोलाद असलं पण त्याला पाणी दिलेलं नसलं तर ठिणगी नाही, आणि मऊ सळईला कितीही पाणी पाजा, ती ते धरत नाही. स्वयंपाकघरातली स्टेनलेसची सुरी तर बादच, तिच्यातल्या क्रोमियममुळे ती सहज जळत नाही.

सगळ्यात सोपा आणि खात्रीचा माल म्हणजे जुनी कानस. जुन्या बाजारात दात झिजलेल्या कानशी ढिगाने पडलेल्या असतात. गंज वरवरचा असेल तर हरकत नाही. स्वस्तातल्या काही कानशी आतून मऊ आणि फक्त वरून कडक केलेल्या असतात, त्यांची कड घासली की ठिणग्या बंद होतात. पारख करायची असेल तर ग्राइंडरवर टेकवून बघा. सळईच्या ठिणग्या लांब, सरळ रेघांसारख्या जातात. चांगल्या कानशीच्या ठिणग्या थोडं अंतर जाऊन फुलबाजीसारख्या फुटतात आणि प्रत्येक फांदीला पुन्हा फांद्या येतात. ते फुटणं म्हणजे आतला कार्बन. रविवार पेठेत बोहरी आळीच्या आसपास धार लावणाऱ्याच्या चाकाशी दहा मिनिटं उभं राहिलं तरी हा फरक डोळ्यांत भरतो.

कानशीचा चार बोटं लांबीचा तुकडा पुरतो. एका कडेचे दात घासून ती कड गुळगुळीत करायची, आणि घासताना तुकडा सतत पाण्यात बुडवत राहायचं. घाई केली आणि कडेवर निळा रंग चढला की पाणी उतरलं समजा, मग तो तुकडा फक्त कागद दाबायला ठेवावा. जुन्या चकमकीसारखा बोटांत बसणारा वाक हवा असेल तर लोहाराकडेच जा. तो तुकडा भट्टीत लाल करून ऐरणीवर वळवेल, पुन्हा तापवेल, आणि लोहचुंबक चिकटेनासा झाला की थोडा आणखी तापवून पाण्यात किंवा तेलात विझवेल. कोयत्याला तो यानंतर पुन्हा थोडी ऊब देऊन कडकपणा कमी करतो, नाहीतर कोयता फांदीवर मोडेल. चकमकीला ती ऊब अगदी हलकी, फिकट पिवळा रंग येईपर्यंतच. ‘कोयत्यासारखं करू नका, कानशीसारखं कडक ठेवा’ एवढं सांगितलं तरी जाणत्या लोहाराला कळतं.

इनामगावबद्दल थोडक्यात. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ अशी अनेक वर्षं खोदकाम केलं. तिथली कॅल्सेडोनीची लांब पाती खरोखर पाहण्यासारखी आहेत. पण ती कापायची, सोलायची, खरवडायची हत्यारं आहेत. ती वसाहत ताम्रपाषाणयुगातली, म्हणजे दगड आणि तांबं वापरणाऱ्या शेतकऱ्यांची. तांब्यावर गारगोटी मारली तर ठिणगी उडत नाही. म्हणूनच आजही जिथे पेट्रोलची वाफ असते तिथे तांब्याच्या मिश्रधातूंची हत्यारं वापरतात. पोलादाशिवाय ते पातं चकमक कसं होणार? त्या शेतकऱ्यांनी इतकी सरळ, पातळ पाती काढली हे त्यांचं कौतुक पुरेसं मोठं आहे, त्यांना आपण कल्पनेतला लायटर द्यायची गरज नाही.

मावळ्यांच्या बंदुकांचंही तसंच. शिवकाळातली सर्रास बंदूक तोड्याची. सोऱ्यात भिजवून वाळवलेली दोरी, म्हणजे जामगी, धुमसत ठेवायची, चाप ओढला की तिचं पेटतं टोक बंदुकीच्या कानातल्या, म्हणजे नळीच्या बाजूच्या भोकापाशी ठेवलेल्या दारूवर टेकतं. त्यात दगड कुठेच नाही. पावसात जामगी विझू न देणं हेच मोठं काम होतं, आणि ज्यांनी सह्याद्रीतला आषाढ पाहिलाय त्यांना ते काय असेल याची कल्पना येईल. चापाला दगड लावलेली बंदूक युरोपात सतराव्या शतकात रुळली. मराठी फौजांत ती मोठ्या प्रमाणावर दिसते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, महादजी शिंद्यांसाठी द ब्वान्य या युरोपीय सेनानीने कवायती पलटणी उभ्या केल्या तेव्हा. त्या बंदुकीतही दगड कडक पोलादी पट्टीवर आपटतो आणि ठिणग्या पट्टीच्याच पडतात.

ट्रेकच्या दुकानातली काळी कांडी ही तर वेगळीच वस्तू. तो सिरियम आणि लोह यांचा मिश्रधातू, १९०३ साली ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी काढलेला. चाकवाल्या सिगारेट लायटरमध्ये याचाच खडा असतो. इथे मऊ असते ती कांडी आणि जळतो तो तिचा कीस, पोलादाच्या ठिणगीपेक्षा कितीतरी गरम. त्यामुळे ती पिंजलेला सुका कापूस थेट पेटवते. चांगली वस्तू आहे, जरूर घ्या. फक्त ती पेटली म्हणून ‘चकमकीने गवत पेटतं’ असं म्हणू नका.

कारण चकमकीने गवत पेटत नाही. पोलादाची ठिणगी इवलीशी आणि क्षणाची. ती धरायला आधीच करपवलेली वस्तू लागते. जुन्या सुती धोतराच्या किंवा बनियनच्या चिंध्या झाकणाच्या पत्र्याच्या डबीत घाला, झाकणाला खिळ्याने एक भोक पाडा, डबी विस्तवावर ठेवा. भोकातून धूर येतो, मग कमी होत थांबतो. डबी उतरवून पूर्ण गार होऊ द्या, गरम असताना उघडली तर हवा लागून आतल्या चिंधीची राख होते. नीट झालेली चिंधी काळी असते, पण हातात धरवते. सिंथेटिक कपडा चालत नाही, तो वितळून डबीला चिकटतो.

ही चिंधी दगडाच्या धारेला लागून अंगठ्याखाली धरायची आणि पोलाद वरून खाली, धारेला घासून जाईल असं झाडायचं. आपटायचं नाही. ठिणगी चिंधीवर बसली की एक नारिंगी ठिपका दिसतो आणि तो गोल पसरत जातो. ज्वाळा नसते. मग ती चिंधी नारळाच्या सुक्या काथ्याच्या घरट्यात ठेवून लांब, हळू फुंकर घालायची. काथ्या आधी दाट पांढरा धूर सोडतो आणि मग एकदम भडकतो. पावसात दगड आणि पोलाद पुसून ठिणगी निघेलही, पण दमट चिंधी ती धरत नाही. चिंधी घट्ट झाकणाच्या डबीत कोरडी राहिली तरच काही आशा. ट्रेकला चकमक न्यायची तर हौसेने न्या, पण लायटर घरी ठेवू नका.

राहिलं ते ‘ठिणगी सुक्या गवतावर पाडा’. चकमकीने नाही पेटलं, तरी काळ्या कांडीने गवत पेटू शकतं, आणि पेटत्या काथ्याने तर नक्कीच. माघ-फाल्गुनात पुण्याभोवतीच्या टेकड्या वाळून कोळ झालेल्या असतात, आणि दरवर्षी कुठे ना कुठे वणवा लागतो. जमिनीवर घरटी करणारे पक्षी, नुकती लावलेली रोपं, सगळं काही मिनिटांत जातं. राखीव वनात विनापरवानगी विस्तव करणं किंवा नेणं हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम २६ खाली गुन्हा आहे. मुलांना चकमक शिकवायची असेल तर घराच्या गच्चीवर, वारा पडलेला असताना, लोखंडी घमेल्यात शिकवा, आणि पाण्याची बादली भरून शेजारी ठेवा.